कोरडे हात

खरजेनं अख्खं घर खाजवून बेजार झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी सासूला आणि नवऱ्याला गोळ्या दिल्या. सरिताचं लेकरू अंगावर पीत होतं, म्हणून तिला तेवढं मलम दिलं आणि बजावलं, "संध्याकाळी अंगभर चोळा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. सकाळपर्यंत हाताला पाणी लागू देऊ नका."

दिवेलागणीला मलम चोळून, दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून सरिता जपून बसली. तेवढ्यात मुकुंदवाडीच्या त्यांच्या गल्लीत कधीचा न आलेला टँकर भोंगा वाजवत शिरला. सरितानं नवऱ्याकडं पाहिलं. अतुल गोळी तळहातावर घेऊन बसला होता.

"अगं, बघतीस काय? हंडे घेऊन पळ की! गोळी गिळायला घरात घोटभर पाणी नाय."