तीन दाणे, पाच दाणे

"या चिमुकल्या बेट-देशाचा वर्षभराचा धूर तीन दाणे, त्या बेट-देशाचा पाच," विज्ञान प्रदर्शनात शाल्मली तक्त्यावर चिकटवलेली मोहरी दाखवत म्हणाली. शेजारच्या मोहरीने गच्च भरलेल्या पिशवीवर लिहिलं होतं, 'भारत'.

परीक्षक हसले. "अगं, तीन काय नि पाच काय! तुलना कशाला केलीस?"

"त… त…" शाल्मली अडखळली. मागे उभ्या आईचे ओठ हलले. लेकीचा अडलेला शब्द नेहमी तीच पुरा करायची. आज तिने ओढणीचं टोक दातांत धरलं.

"त… तुलना त्या दोघांत नाहीच, सर. धुराने पृथ्वी तापून समुद्र दोघांच्याही घरात शिरतोय, आणि प… पिशवी आपली आहे."

परीक्षकांनी पिशवी उचलून पाहिली. आता ते हसले नाहीत.

ओढणी सोडून आई शेजारच्या अनोळखी बाईंना म्हणाली, "माझी मुलगी हं ती!"