सरोवरावरचा दहावा

दोन डोमकावळे पाइनच्या फांदीवर बसून होते, पण पिंडाकडे ढुंकूनही बघत नव्हते. कॅनडातल्या या पार्कात पाखरांना खायला घालायची बंदी. तरी बाबा याच सरोवरात बुडाले म्हणून श्रीरंग दहाव्याला आईसोबत होडीनं बेटावर आला होता.

"आईला सांभाळीन, बाबा," तो म्हणाला. "तुमचं राहिलेलं सगळं करीन." कावळे ढिम्म.

मग आई पुढे झाली, पिंडाशी वाकून काहीतरी पुटपुटली. लगेच एका कावळ्यानं झेपावून पिंडाला चोच मारली.

श्रीरंगचा जीव भांड्यात पडला. "काय कबूल केलंस गं?"

"त्यांना कधी एकट्याला करमलंय का?" आई हसली. तिनं लाइफ जॅकेट उतरवलं, खडकावर नीट ठेवलं आणि होडीत जाऊन बसली.