भैरवीतला षड्ज

शर्वरीने कॉम्प्युटरमधलं जुनं साउंड कार्ड काढून नवं बसवलं आणि हेडफोन श्रीरंगदादांच्या हातात दिला.

"अगं, तुझी आई माझ्या वडिलांच्या, बुवांच्या मागे तंबोऱ्यावर बसायची, हे मी कुठे नाकारतो? पण भैरवीतला तो लांबलचक तार षड्ज बुवांचाच. आई नुकतीच गेलीय, म्हणून तुला तीच ऐकू येते."

"असेल. हे कार्ड तुम्हाला त्या जुन्या कॅसेटवरच्या मैफलीत नेऊन बसवेल. मान वळवाल तिकडचं ऐकू येईल."

"कॅसेटवरून?" ते हसले. "बरं, लाव."

समोरून वडिलांचा आवाज येताच ते ताठ बसले. डावीकडे वळले, तर तबलजी घसा खाकरत होता. "लेकाचा तेव्हाही तंबाखूच चघळायचा!"

मग तो षड्ज लागला. त्यांनी चटकन समोर पाहिलं. समोर फक्त धापेचा आवाज होता. स्वर मात्र चालूच होता. त्यांनी सावकाश मान मागे वळवली. बुवांच्या आवाजात बेमालूम मिसळलेला एका बाईचा गळा तंबोऱ्याआडून तो स्वर पेलत होता, बुवांचा दम परत येईपर्यंत आणि त्यानंतरही.



श्रीरंगदादांनी शेजारच्या खोलीतल्या शिष्यांना बोलावलं. "भैरवीतला षड्ज कुणाचा म्हणून शिकवलाय मी?"

"बुवांचा."

"चुकीचं शिकवलं." त्यांनी हेडफोन उतरवला आणि गुरूचं नाव घेताना गवयी लावतात तसा कानाच्या पाळीला हात लावला. "इंदुमतीबाई सबनीस."

शिष्यांचे हातही आपसूक कानांकडे गेले.