पाच गंज्या

“मी येणार नाही,” दादा म्हणाला आणि ट्रॅक्टरखाली आणखी आत सरकला. बाहेर नुसते त्याचे पाय राहिले.

धाकटा भाऊ त्या पायांशी बोलत उभा राहिला. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. अंगावर इस्त्रीचा गणवेश, छातीवर पदक. संध्याकाळी शाळेच्या सभागृहात त्याचा सत्कार होता. शहरात असे सत्कार पुष्कळ झाले होते, पण हा त्याच्या स्वतःच्या शाळेतला. मास्तरांनी पहिल्या रांगेत दादासाठी खुर्ची राखून ठेवली होती. ती रिकामी राहिली तर सगळं गाव बघणार.

“अरे, तासाभराचा तर प्रश्न आहे.”

“ऑइल गळतंय.”

“ते रोजच गळतं.”

ट्रॅक्टरखालून पाना आपटल्याचा आवाज आला.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. शहरात सगळ्यांना कॅप्टनची गोष्ट तोंडपाठ होती. लढाईत तो विमानातून बॉम्ब घेऊन सीमेपलीकडे गेला होता. ठरलेली जागा ढगांनी झाकलेली, म्हणून बॉम्ब तसेच घेऊन परत फिरला. खाली कापणीला आलेलं पीक उभं होतं आणि बांधाला लागून वैरणीच्या पाच गंज्या. दुसरा कोणी असता तर तसाच पुढे गेला असता. पण हा पडला शेतकऱ्याचा पोर. पीक अजून शेतात, मग गंजी आली कुठून? गेल्या सालची म्हणावी, तर कापणीच्या तोंडावर घरोघरी वैरणीचा खडखडाट असतो. त्याची आई शेवटी शेवटी जनावरांपुढे काडी काडी पुरवून टाकायची. म्हणजे या गंज्या खोट्या. आत रणगाडे दडवलेत. तो वळला, खाली आला आणि पाचही उडवल्या. पाच गंज्या, पाच रणगाडे, एक पदक.

“विमान सरकारचं होतं, पण डोळा शेतकऱ्याचा होता,” हे वाक्य तो भाषणात शेवटी टाकायचा. टाळ्या ठरलेल्या.

या घरात मात्र ती गोष्ट त्याने एकदाच सांगितली होती. लढाईनंतर पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा, दादाला, गोठ्यात बसून. गोठा रिकामा होता, ऐसपैस जागा होती. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “धूर कसला निघाला रे? काळा की पांढरा?”

आता काय म्हणावं या माणसाला! भाऊ मरणाच्या दाढेतून परत आलाय आणि याला धुराचा रंग हवा.

“पांढरा,” कॅप्टन म्हणाला.

दादा उठून गेला. पुढे कधीही विषय निघाला की तो काहीतरी काम काढून उठायचा. वहिनीला एवढंच ठाऊक, की भाऊजींनी रणगाडे उडवले. कॅप्टनने आपल्यापुरता अर्थ लावून टाकला, दादाच्या पोटात दुखतं. पण त्याला राग यायचा नाही, वाईट वाटायचं. लहानपणी दोघं छपरावर उताणे पडून विमानांची वाट बघायचे. वडील गेले, शेत कोणीतरी बघायला हवं होतं. दादा म्हणाला, तू जा. हा गेला. लढाईच्या वर्षात तर एकदाही घरी फिरकला नाही.

कॅप्टन गणवेशाची पर्वा न करता मातीत बसला.

“दादा, बाहेर ये. बोलायचंय.”

दादा सरपटत बाहेर आला. नाकावर ऑइल लागलेलं.

“शेत तुझ्या गळ्यात बांधून मी उडालो. विमानाचं वेड तुलाही होतं, मला काय माहीत नाही? चुकलं माझं. पण आज ये रे. सगळ्या जगाने वाजवल्या टाळ्या, तुझीच राहिली.”

दादाचे डोळे भरले. “वेड्या, त्याचं मला कधीच काही वाटलं नाही.”

“मग कशाचं वाटतं?”

दादा फडक्याने हात पुसत राहिला. स्वच्छ झालेले हातही पुसत राहिला.

“काही नाही. गर्दी सोसत नाही मला.” मग एकदम म्हणाला, “येतो. पहिल्या रांगेत बसतो. झालं?”

वहिनी चहा घेऊन आली. “अगंबाई! दोघांच्याही डोळ्यांत ऑइल गेलं की काय?”

कॅप्टन खळखळून हसला. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. कप घेऊन तो उठला, पँट झटकली आणि शेताकडे बघू लागला. पीक कापणीला आलं होतं. कडेला एक गंजी उभी होती.

“हे काय दादा, कापणीच्या आधीच गंजी? वरून दिसली असती तर उडवलीच असती मी!”

“चहा घे, निवेल,” दादा म्हणाला.

“गेल्या सालची आहे हो भाऊजी,” वहिनी हसली. “ट्रॅक्टर आला, बैल गेले. खाणार कोण ती?”

“तू आत जा बघू.”

“जाते की. लढाईच्या सालीही अशाच उरल्या होत्या. आपल्याच सैन्याने गावातली सगळी जनावरं ओढून नेली. तुम्ही नव्हता तेव्हा.”

“अगं, पुरे!” दादा ओरडला.

वहिनी चपापली. उभ्या संसारात तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता.

“ओरडता काय? चांगलं तेच सांगतेय ना,” ती फुरंगटून कॅप्टनकडे वळली. “गंज्या आतून पोकरून ठेवल्या होत्या, भाऊजी. शत्रूच्या विमानाचा आवाज आला, की आळीतली सगळी पोरं घेऊन आम्ही आत शिरायचो. म्हटलं, वैरणीवर कोण कशाला बॉम्ब टाकेल?”