खात्रीची अंगाई

स्वतःच गाणी रचून गाणारे पाळणे घरोघर आले, तेव्हापासून बारशाला गाणाऱ्या बकुळामावशींना कुणी विचारेना. आज भरदुपारी शेजारची मृण्मयी आली. तिच्या कडेवर तिची लेक ओवी टक्क जागी!

“मावशी, आमचा पाळणा दर वेळी नवंच गाणं रचतो हो. पुढं काय येतंय ते ऐकायला ही झोपतच नाही!”

मावशींनी ओवीला मांडीवर घेतलं आणि बारशाचंच जुनं गाणं धरलं. तेच कडवं पुन्हा पुन्हा आलं, तशी ओवी झोपली. भिंतीला टेकून मृण्मयीही घोरू लागली.

मावशींना आधी रागच आला. मग संध्याकाळी त्यांनी दारावर पाटी लावली: ‘येथे खात्रीची कंटाळवाणी गाणी मिळतील. आयांनी उशी सोबत आणावी.’