तळ्यापलीकडची टोपली

"पाण्याची भीती वाटत असेल त्यांनी घरी बसून कॅरम खेळावा," असं म्हणत निनाद पागनीसने आपल्या डिस्क गोल्फच्या, म्हणजे चकती फेकून टोपलीत टाकायच्या खेळाच्या, मैदानाची शेवटची टोपली तळ्याच्या पलीकडच्या काठावर रोवली. वळसा घालून खेळायला डावीकडे गवताची पट्टी होती, तिथेही त्याने मुद्दाम कुंपण घातलं. आता चकती थेट पाण्यावरूनच फेकायची. पोचली तर पोचली, नाहीतर बुडाली.

उद्घाटनाला आलेल्या हौशी खेळाडूंच्या चकत्या एकामागून एक डुबुक डुबुक बुडाल्या. एका आजोबांची तर नातीने रंगवून दिलेली चकती गेली. ते काठावर वाकून बघत राहिले. निनाद तोंड फिरवून हसला. असल्या लोकांसाठी त्याने डोकं चालवलंच नव्हतं. तो वाट पाहत होता राष्ट्रीय विजेत्या शर्वाणी देवस्थळींची. राज्य स्पर्धा इथे घ्यायची की नाही, हे त्याच ठरवणार होत्या.

शर्वाणीताई आल्या. त्यांनी तळं पाहिलं, कुंपण पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आणि चकती पिशवीत टाकून चालू लागल्या.

"अहो ताई, तुम्हाला तर सहज जमलं असतं!" निनाद मागे धावला.

"मला सहज आणि त्यांना अशक्य," त्या न थांबता म्हणाल्या. "विचार करायला जागाच ठेवली नाहीत. मग यात खेळ कुठे आहे?"

बाकीचेही त्यांच्यामागे निघाले. कुणीतरी निदान शिवी तरी द्यावी, असं निनादला वाटलं. पण कुणी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.