रेकॉर्डची दुसरी बाजू

मास्तर वारल्यानंतरच्या पहिल्या रविवारी कंपाउंडरचे पाय सवयीने त्यांच्याच घराकडे वळले. दोघांचं भांडण एका म्हाताऱ्या रॉक बँडवरून. पहिला गायक सोडून गेला तेव्हाच बँड संपला, असं मास्तर म्हणायचे. खरी धार आणली ती नव्या गायकाने, असं कंपाउंडर. ज्याची बोलती बंद होईल त्याने उठून रेकॉर्ड उलटायची, हा त्यांचा नियम.

मास्तरांच्या पत्नीने, वहिनींनी, चहा पुढे ठेवला, रेकॉर्ड लावली आणि मास्तरांच्या खुर्चीत बसल्या.

"नवा नुसता कोकलतो, भावजी. जुन्याची सर त्याला यायची नाही."

कंपाउंडर चाट पडला. गाणं लागलं की ही बाई स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. "वहिनी, तुम्ही कधी ऐकलंत?"

"बंद दारातूनही ऐकू येतं. गाण्यांचं सोडा, तुमचं भांडण पाठ आहे मला."

कंपाउंडरने कप खाली ठेवला. "मास्तरांचंच बरोबर होतं," म्हणत तो रेकॉर्ड उलटायला उठला.

"खाली बसा," वहिनी म्हणाल्या. "आजच हार मानलीत, तर पुढच्या रविवारी कशाला याल?"